शून्य पूर्णांक शून्य आठ

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास शाजियाच्या स्वयंपाकघरातला मिक्सर रडत रडत फिरू लागला. भांड्यात ओल्या खोबऱ्याचं वाटण अर्धवट होतं. तिने बटण बंद करून पुन्हा सुरू केलं, तरी पाती कशीबशी वळली आणि थांबली. डोक्यावरचा पंखाही मंदावला होता. फ्रिजजवळचा स्टॅबिलायझर दर दोन मिनिटांनी टक् टक् करत होता.

मे महिना होता. रोडपालीतल्या त्या सात मजली इमारतीत त्या वेळी निदान वीस एसी चालू असणार. दुसरी एखादी बाई वीज कंपनीच्या नावाने बोटं मोडून पाटा काढून बसली असती. शाजियाने मात्र कपाटातून मल्टिमीटर काढला आणि त्याच्या दोन दांड्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घातल्या. दोनशे चार व्होल्ट. दोनशे तीसच्या जागी दोनशे चार.

शाजियाने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. शेवटच्या परीक्षेनंतर तीन महिन्यांत निकाह झाला. नवरा हसन कतारला गेला तो अजून तिथेच होता, वर्षातून महिनाभर यायचा. नोकरी करायची राहून गेली. पण मीटर हातात धरला की तिची बोटं आपोआप नीट पडायची आणि मन पाठ केलेल्या सूत्रांकडे जायचं. तेवढंच उरलं होतं त्या शिक्षणाचं.

मल्टिमीटर आणि शेजारचा क्लॅम्प मीटर घेऊन ती खाली उतरली. मीटररूम म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. दाराबाहेर आठ-दहा स्कूटर दाटीवाटीने लावलेल्या, त्यातल्या बहुतेक पेट्रोलच्या. कडी काढताच तिच्या नाकात वास शिरला. जळका, पण लाकूड किंवा कागद जळल्यासारखा नव्हे. तव्यावर प्लास्टिकची पिशवी चिकटली की येतो तसा, जरा गोडसर.

ती आत शिरली.

इमारतीचा मेन स्विच समोरच्या भिंतीवर होता. वीज बाहेरून त्याच्यात यायची आणि खालच्या बाजूने तीन जाड केबलींतून अठ्ठावीस घरांच्या मीटरांकडे जायची. प्रत्येक केबलच्या टोकाला धातूची एक टोपी दाबून बसवलेली असते, तिला थिंबल म्हणतात. ते थिंबल बोल्टने स्विचला आवळलेलं असतं. पेटीचं झाकण नुसतंच लोटलेलं होतं. पायात रबरी चप्पल आहे ना, हे तिने पाहिलं, डावा हात पाठीमागे घेतला आणि एका हातात दोन्ही दांड्या चिमटीत धरल्या. एक दांडी स्विचच्या पट्टीवर, एक थिंबलवर.

पहिल्या केबलला मीटरने शून्य दाखवलं. तिसरीलाही शून्य. असंच असायला हवं, कारण घट्ट जोडाच्या दोन बाजूंमध्ये फरक पडतच नाही. मधल्या केबलला मीटरवर आकडा उभा राहिला. चार पूर्णांक आठ.

घरातली बाकीची घट बाहेरून येणाऱ्या विजेतलीच असणार, पण हे पावणेपाच व्होल्ट इथेच जळत होते. तिने चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर केबलभोवती अडकवला. केबलमधून साठ अँपिअर करंट चालला होता.

शाजिया मागे सरली. हातात कागद नव्हता, म्हणून तिने मोबाइल काढला. व्होल्टला करंटने भागलं की रोध मिळतो. चार पूर्णांक आठ भागिले साठ. शून्य पूर्णांक शून्य आठ ओहम. व्होल्टला करंटने गुणलं की उष्णता मिळते. चार पूर्णांक आठ गुणिले साठ. दोनशे अठ्ठ्याऐंशी वॅट.

अंगठ्याएवढ्या एका जोडात दोनशे अठ्ठ्याऐंशी वॅट.

तिने पुन्हा हिशेब केला. मग मीटर बंद करून, परत चालू करून पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. दशांशचिन्ह कुठे आहे हे ती डोळे बारीक करून पाहत होती, कारण जानेवारीत याच दशांशचिन्हाने तिची शोभा केली होती. तेव्हा पाण्याचा पंप चौसष्ट अँपिअर ओढतोय असं तिने सोसायटीला सांगितलं होतं. पंप अर्धा दिवस बंद राहिला, अठ्ठावीस घरं पाण्यावाचून खोळंबली, आणि मग कळलं की आकडा सहा पूर्णांक चार होता. मीटरच्या काचेवरच्या चऱ्यामुळे तिला टिंब दिसलं नव्हतं. तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तिला 'मॅडम चौसष्ट' म्हणायला लागलं होतं. शाजियाही हसून घ्यायची. त्या रात्री मात्र ती एकटीच रडली होती.

आता चौथ्यांदा मोजलं तेव्हा आकडा चार पूर्णांक नऊ झाला होता.

*

सोसायटीचे सचिव कृष्णकांतकाका दुसऱ्या मजल्यावर राहायचे. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, अडुसष्ट वर्षांचे, सभेत कधी आवाज न चढवणारे गृहस्थ. त्यांनी दार उघडलं तेव्हा हातात वर्तमानपत्र होतं.

"काका, मेन स्विच बंद करायला हवा. आत्ताच."

त्यांनी तिच्या हातातल्या मीटरकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तिला चांगलंच ओळखू आलं.

"शाजियाताई, बसा आधी. पाणी घ्या."

"नको. मेन स्विचचा मधला जोड ढिला झालाय. तिथे रोध तयार झालाय. मी चार वेळा मोजला."

"किती?"

"शून्य पूर्णांक शून्य आठ ओहम."

काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "म्हणजे शून्यच की हो."

शाजियाला वाटलं, आपलंच चुकत नसेल ना? एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षांत माणूस काय काय विसरतं. तिने मनातल्या मनात पुन्हा भागाकार केला.

"आकडा लहान आहे, पण त्यातून अख्ख्या इमारतीच्या एका भागाचा करंट जातोय, काका. साठ अँपिअर. त्यामुळे तिथे तीनशे वॅटच्या आसपास उष्णता होतेय. तुमच्या घरातली इस्त्री साडेसातशे वॅटची असेल. तिचा तिसरा हिस्सा धरा, आणि तो सगळा एवढ्याशा जागेत." तिने अंगठा पुढे केला. "इस्त्री तापली की आपोआप बंद तरी होते. हे बंद होत नाही. आणि संध्याकाळी सगळे एसी लागले, करंट दीडपट झाला, की उष्णता दीडपट नाही होत. सव्वादोनपट होते. साडेसहाशे वॅट. बाहेर पेट्रोलच्या गाड्या आहेत आणि उतरायला जिना एकच आहे."

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. पुन्हा उलगडली.

"आपला वायरमन इंद्रजीत येऊन बघेल ना. तो सांगेल तसं करू."

"त्याला फोन केलाय मी. नेऱ्याला फार्महाऊसचं वायरिंग करतोय. दोनपर्यंत येतो म्हणालाय, पण तोपर्यंत तरी—"

"तोपर्यंत बंद नाही करता येणार," काका एकदम म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कडक झाला होता.

आतल्या खोलीतून एक संथ आवाज येत होता. घुर्र, मग फुस्स. घुर्र, मग फुस्स. तो आवाज शाजियाच्या कानांवर आल्यापासून पडत होता, पण तिच्या लक्षातच आला नव्हता.

नीताकाकू. काकांची बायको. फुप्फुसांच्या आजाराने वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं ते मशीन दिवसरात्र त्यांच्या उशाशी चालू असायचं.

"सिलिंडर?" शाजियाने हळूच विचारलं.

"भरायला दिलाय. उद्या सकाळी येणार." काका खुर्चीत बसले. "दहा मिनिटं मशीन बंद पडलं होतं एकदा, मार्चमध्ये. मी ती दहा मिनिटं बघितलीत. मला नका सांगू बंद करायला."

त्यांनी तिला खोटं ठरवलं नव्हतं. ते घाबरले होते, तिच्याइतकेच, फक्त वेगळ्या गोष्टीला. हे कळल्यावर शाजियाचा राग गळून पडला आणि त्या जागी भीती दुप्पट झाली.

"मला मशीन बघू दे," ती म्हणाली.

नीताकाकू उशांना टेकून बसल्या होत्या. नाकाखाली पारदर्शक नळी. बोलायला दम लागायचा म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. शाजियाने मशीनच्या पाठीमागची पट्टी वाचली. दोनशे तीस व्होल्ट, दीड अँपिअर. गुणाकार तोंडचा होता. तीनशे पंचेचाळीस वॅट.

मग तिने गॅलरीतला इन्व्हर्टर पाहिला. बॅटरी बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-तासांची. म्हणजे अठराशे वॅट-तास. सगळी वीज कधीच मिळत नाही, म्हणून तिने तिसरा हिस्सा सोडून दिला. बाराशे उरले. बाराशे भागिले तीनशे पंचेचाळीस.

"घरातलं बाकी सगळं बंद ठेवलं, पंखासुद्धा, तर साडेतीन तास चालेल. मी तीनच धरते," तिने सांगितलं. "इंद्रजीतला थिंबल बदलायला तास लागेल. फार तर दीड."

"नक्की?"

तिने पुन्हा बॅटरीकडे पाहिलं. बॅटरीच्या अंगावर पांढरट खार साचला होता. "बॅटरी किती वर्षांची आहे, काका?"

"तीन... चार असतील."

"मग तीन तास म्हणू या," ती म्हणाली. आवाजात जेवढा भरवसा आणता आला तेवढा आणला. पुढे जे झालं त्यात तिला सर्वांत जास्त टोचत राहिलं ते हे वाक्य.

काकांनी आत पलंगाकडे पाहिलं. मग नीताकाकूंनीच हात किंचित वर केला आणि बोटांनी खूण केली. करा.

*

इंद्रजीत सव्वादोनला आला. बॅटरीचे तास वाया जाऊ नयेत म्हणून तो येईपर्यंत मेन स्विच चालूच ठेवला होता. तोवर शाजियाने ग्रुपवर लिहिलं होतं, मेहरबानी करून दोन तास एसी बंद ठेवा. उत्तरादाखल कुणीतरी हसरा चेहरा टाकला आणि खाली लिहिलं, 'चौसष्ट का?' काही जणांनी बंद केले असावेत, कारण करंट पन्नासपर्यंत उतरला. मग दुपार तापली तसा पुन्हा वर चढत सत्तरला गेला. शाजिया मीटररूमच्या दारात उभी राहून दर पाच मिनिटांनी मोजत होती. वास वाढत होता. तिने वॉचमनकडून स्कूटर एकेक करून हलवून घेतल्या आणि वाळूच्या दोन बादल्या दाराशी ठेवल्या.

इंद्रजीतने पेटीत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"आयला. ताई, हे बरं बघितलंत तुमी. बोल्टच्या खाली सगळं काळं झालंय. आजची संध्याकाळ निघाली नसती."

शाजियाला हायसं वाटायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर फक्त दुसऱ्या मजल्यावरची बॅटरी होती. तिने वर फोन केला. काकांनी मशीन इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावल्याचं सांगितलं. दोन वाजून पंचवीस मिनिटांनी इंद्रजीतने मेन स्विचची दांडी खाली ओढली. सगळ्या इमारतीतला आवाज एकदम थांबला.

काम तासाभराचं होतं. पण इंद्रजीतने जळकं टोक कापलं तेव्हा आतली तार काळी निघाली. त्याने आणखी चार बोटं कापलं. तरी काळी. फूटभर कापल्यावर कुठे चकाकी दिसली, आणि आता केबल स्विचपर्यंत पोचेना.

"तुकडा जोडायला लागेल. एवढी जाड केबल माझ्याकडे नाय. कळंबोलीत एक दुकानवाला ओळखीचा हाय. रविवार हाय, पण घरून उठवून आणतो. अर्धा तास."

"लवकर, इंद्रजीत."

"आलोच बघा."

तो गेला. शाजिया वर गेली. काका पलंगाच्या कडेला बसले होते आणि बायकोच्या बोटाला लावलेल्या छोट्या यंत्राकडे बघत होते. रक्तातला ऑक्सिजन त्र्याण्णव. मशीन चालू होतं, घुर्र आणि फुस्स. शाजियाने गॅलरीत जाऊन बॅटरीचा व्होल्टेज मोजला. अकरा पूर्णांक नऊ. जेमतेम पस्तीस मिनिटं झाली होती, एवढ्यात इतका खाली यायला नको होता. दर दहा मिनिटांनी ती मोजत राहिली. अकरा पूर्णांक सात. अकरा पूर्णांक चार. हिशेब करायची गरजच नव्हती. बॅटरी आतून संपलेली होती. पट्टीवर दीडशे लिहिलं होतं, आणि तिने पट्टीवर विश्वास ठेवला होता.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी इन्व्हर्टर पीक् पीक् करू लागला.

काका दारात आले. "हे काय?"

"बॅटरी उतरली. मी म्हटलं तेवढी नाही टिकणार."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. कदाचित पंधरा."

काका ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फोन उचलला आणि रुग्णवाहिकेचा नंबर लावला. पलीकडून सांगितलं, गाडी कामोठ्याला आहे, अर्ध्या तासात पोचेल. काकांनी कपाळावर हात मारला.

शाजिया गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होती. समोर अंगणापलीकडे सोसायटीची दुसरी इमारत, बी विंग होती. तळमजल्यावरच्या खिडकीत हिरवा पडदा हलत होता. पंख्याच्या वाऱ्याने.

पंख्याच्या वाऱ्याने.

बी विंगचा मेन स्विच वेगळा होता. तिथे वीज होती. दुपारभर होती. आणि ती खिडकी दिलशादची होती, तिच्या सख्ख्या नणंदेची. या अल्लाह, हे आपल्याला आधी का सुचलं नाही?

"दिलशाद!" ती गॅलरीतून ओरडली. "दिलशाद, खिडकीत ये!"

त्याच वेळी फाटकातून इंद्रजीतची मोटरसायकल आत आली. मागच्या पिशवीत केबलचा तुकडा होता आणि हँडलला दोन पदरी वायरचं नवं वेटोळं अडकवलेलं होतं, नेऱ्याच्या कामाचं.

"ती वायर घेऊन वर ये," शाजिया म्हणाली. "धावत."

*

चाळीस मीटर वायर लागणार होती, गॅलरीतून खाली, अंगण ओलांडून, दिलशादच्या खिडकीतून आत. इंद्रजीतने एका टोकाला प्लग लावून ते खाली दिलशादकडे सोडलं आणि दुसऱ्या टोकाला सॉकेट लावायला घेतलं, पण त्याचे हात मधेच थांबले.

"ताई, लई बारीक वायर हाय ही. आणि एवढी लांब. वाटेत गरम झाली तर?"

काकांनी हे ऐकलं. ते खोलीतून बाहेर आले.

"हिचा रोध किती?" त्यांनी विचारलं. सकाळी ज्या माणसाने शून्य म्हणून तो शब्द झटकला होता, त्यानेच आता तो विचारला.

शाजियाने डोळे मिटले. एक चौरस मिलिमीटर तांब्याची तार, किलोमीटरला अठरा ओहम. करंट जायला चाळीस मीटर, यायला चाळीस. ऐंशी मीटर.

"दीड ओहम. जवळजवळ."

"दीड?" काकांचा आवाज फुटला. "सकाळी तुम्ही मला सांगितलंत, शून्य पूर्णांक शून्य आठने इमारत जळेल. आणि आता दीड ओहम म्हणताय, आणि ते माझ्या बायकोच्या उशाशी लावायचं म्हणताय? दीड मोठा की शून्य शून्य आठ मोठा?"

"दीड मोठा."

"मग?"

आत इन्व्हर्टरचा पीक् पीक् एकदम थांबला. त्याच्याबरोबर मशीनचा आवाजही थांबला.

घरात अशी शांतता पसरली की खाली अंगणात दिलशाद वायरचं टोक हातात घेऊन "भाभी, काय करू?" म्हणून विचारत होती ते स्पष्ट ऐकू आलं. नीताकाकूंच्या छातीतला आवाज मोठा झाला. बोटावरच्या यंत्रात एक्क्याण्णव. नव्वद.

"काका, ऐका," शाजिया म्हणाली. "खाली साठ अँपिअर होते. इथे एकट्या मशीनचे दीडच आहेत. उष्णता म्हणजे करंट गुणिले करंट गुणिले रोध. दीड दीडे सव्वादोन, आणि त्याची दीडपट. साडेतीन वॅटसुद्धा नाही. आणि तेही एका ठिकाणी नाही, चाळीस मीटर वायरभर पसरलेले. देवघरातल्या छोट्या दिव्याएवढे. मशीनला दोन व्होल्ट कमी मिळतील, बस्स. त्याला कळणारही नाही."

अठ्ठ्याऐंशी.

काका तिच्याकडे बघत राहिले. तिला त्यांच्या डोळ्यांत पाण्याचा पंप दिसत होता, चौसष्ट दिसत होते, तीन तास टिकणारी बॅटरी दिसत होती. एका दिवसात दोनदा चुकायचा हक्क कुणाला असतो?

"बॅटरीच्या बाबतीत माझं चुकलं," ती म्हणाली. "आतून किती जुनी झालीय ते मला मोजता येत नव्हतं, आणि तरी मी बोलले. ही तार नवी आहे. हिचं मला मोजता येतं."

शहाऐंशी.

"शाजिया," काका म्हणाले. 'ताई' गळून पडलं होतं. "लाव तू."

इंद्रजीतने शेवटचा स्क्रू आवळला. शाजियाने मशीनचा प्लग काढून नव्या सॉकेटमध्ये घातला आणि गॅलरीतून हात हलवला. "दिलशाद, लाव! बटण दाब!"

काहीच झालं नाही.

चौऱ्याऐंशी. नीताकाकूंनी पलंगाची चादर मुठीत धरली होती. त्यांचे ओठ निळसर दिसू लागले होते. काका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत "हं, हं, झालं आता, झालं" एवढंच पुटपुटत होते. शाजियाच्या डोक्यात सूत्रं, आकडे, सगळं विझून गेलं. तिने मीटरच्या दांड्या सॉकेटमध्ये घातल्या. शून्य. तार तुटलीय? प्लगच्या आत सुटलीय? की आपण...

"भाभी!" खालून दिलशाद ओरडली. "ह्या बोर्डाचं बटण खराब आहे! दुसऱ्यात लावते!"

आणि मीटरवर दोनशे सव्वीस उमटले.

मशीनने आधी एक लांब शिट्टी मारली, मग ते थरथरलं आणि मग, घुर्र. फुस्स. शाजियाने क्लॅम्प मीटर तारेच्या एका पदराभोवती अडकवला. एक पूर्णांक चार. तिने वायरवर तळहात ठेवला, गॅलरीच्या कठड्यापर्यंत फिरवत नेला. गार. सगळीकडे गार.

ब्याऐंशीवर थांबलेला आकडा तीन मिनिटं तिथेच राहिला. मग त्र्याऐंशी झाला. काकांनी मोजणं सोडून भिंतीला डोकं टेकलं.

*

रुग्णवाहिका चार वाजून वीस मिनिटांनी आली. डॉक्टरांनी नीताकाकूंना तपासलं, अर्धा तास थांबून पाहिलं आणि हलवायची गरज नाही म्हणून सांगितलं. एक भरलेला सिलिंडर मात्र त्यांनी ठेवून घ्यायला लावला. इंद्रजीतने तुकडा जोडला, नवी थिंबलं दाबली, बोल्ट अंगाचा भार टाकून आवळले. साडेपाचला दांडी वर गेली आणि सातही मजल्यांवरून लहान मुलांचा गलका उठला.

सात वाजता सगळे एसी लागल्यावर शाजिया पुन्हा खाली गेली. नव्वद अँपिअर चालले होते. नव्या जोडावर मीटरने शून्य पूर्णांक शून्य एक व्होल्ट दाखवला. एक वॅटसुद्धा नाही. तरी ती दहा मिनिटं तिथेच उभी राहिली. पुन्हा मोजलं, आणि आणखी एकदा.

परत जाताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली. काका औषधं आणायला गेले होते, दार नुसतं लोटलेलं होतं. नीताकाकू जाग्या होत्या. त्यांनी शेजारची खुर्ची दाखवली.

"तुझे हात," त्या म्हणाल्या आणि श्वास घ्यायला थांबल्या. "कापत होते. मी बघत होते."

"हो, काकू."

"यांना... सांगितलं नाही. आधीच... घाबरले होते."

शाजियाला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरले. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. अंगणातून ती वायर अजून तशीच गेलेली होती, दिलशादच्या खिडकीपर्यंत. उद्या नवी बॅटरी येईपर्यंत काढायची नाही, असं काकांनी इंद्रजीतला बजावलं होतं.

"मी चुकले होते काकू, बॅटरीत," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही."

नीताकाकूंनी त्यावर काही सांत्वन केलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "जेवलीस?"

शाजियाला आठवलं, मिक्सरच्या भांड्यातलं खोबरं सकाळपासून तसंच पडलंय आणि या उकाड्यात ते आंबलं असणार.

"नाही," ती म्हणाली.

"फ्रिजमध्ये वरण आहे. भात... गरम कर. आणि इथेच बस."

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि भाताचं पातेलं शोधू लागली.